गणपतीच्या आराशीत आकाशगंगेचा त्रिमितीय नकाशा – मदत हवी आहे

ढोकाळीकर

राम राम मंडळी. आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोडला आत, ठाणे) यंदा आराशीचा विषय 'आकाशगंगा' ठरलाय. कमिटीच्या मनात काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पुठ्ठ्याची मोठी सर्पिल चकती, मागून निळे-जांभळे एलईडी, मधोमध बाप्पा. मी मीटिंगमध्ये म्हटलं, ताऱ्यांची अंतरं आता नीट मोजलेली आहेत. सूर्य एका ठिकाणी ठेवू, बाकीचे तारे प्रमाणात छताला दोऱ्यांनी टांगू, लोक त्यातून फिरतील. दोन मिनिटं शांतता. मग एकमताने ठराव झाला की "तूच कर".

हॉल ४० फूट बाय २५ फूट, छत ११ फुटांवर. प्रमाण काय धरू? किती तारे घेऊ? आणि ही अंतरं कितपत खात्रीची असतात? मी धंद्याने इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, खगोलशास्त्राचा नाही, तेव्हा जरा बेताने सांगा.

रिकामटेकडा

"तूच कर" म्हटल्यावर कमिटीचं काम संपलं. अभिनंदन दादा. मी खुर्ची ओढून बसलोय.

खगोलवेडा_वाशी

आधी त्या निळ्या-जांभळ्या चकतीबद्दल. आपल्या आकाशगंगेचा असा फोटो अस्तित्वातच नाही. तो काढायचा तर हजारो प्रकाशवर्षं वर जाऊन मागे वळून बघावं लागेल. जे चित्र सगळीकडे फिरतं ते बहुतेक वेळा रॉबर्ट हर्ट या नासाच्या चित्रकाराने २००८ साली स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून काढलेलं, नाहीतर त्याची नक्कल. अभ्यास करून काढलंय, पण चित्रच. तिच्या सर्पिल भुजा (केंद्राभोवती गुंडाळलेले ताऱ्यांचे पट्टे) मुख्य दोन की चार, यावर आजही वाद आहे.

प्रमाण सोपं ठेवा: १ प्रकाशवर्ष = १ सेंटिमीटर. मग मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) सूर्यापासून ४.३ सेंमी, व्याध ८.६, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५-६६ सेंमी. चित्रा अडीच मीटर. कृत्तिका साडेचार मीटरच्या जरा अलीकडे. मृगातला राजन्य साधारण साडेआठ मीटर. इथपर्यंत हॉल पुरतो.

आता याच प्रमाणात आकाशगंगेचं केंद्र कुठे येतं? २६,००० प्रकाशवर्षं, म्हणजे २६० मीटर. तुमच्या गेटच्या बाहेर. आख्खी चकती एक किलोमीटर रुंद आणि तिची ताऱ्यांनी भरलेली मुख्य जाडी जेमतेम दहा मीटर, तीन मजल्यांएवढी. शेजारची देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) २५ किलोमीटरवर, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ पनवेल.

थोडक्यात, आख्खी आकाशगंगा दाखवायला गेलात तर सूर्य आणि व्याध एकाच ठिपक्यात जातील. आळी दाखवा, शहर सोडून द्या.

स्नेहल_नौपाडा

पनवेल वाचून चहा सांडला. पण प्रश्न आहे. ही अंतरं मोजली कुणी आणि कशी? टेप घेऊन तर कुणी गेलं नसेल.

मीनल_ऐरोली

स्नेहलताई, ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून वाशीकडे जाताना खिडकीतून बघा. रुळालगतचे खांब सपासप मागे जातात, पारसिकचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत येतो. आपण पृथ्वीसकट सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे जानेवारीत आणि जुलैत आपल्या दोन जागांमध्ये ३० कोटी किलोमीटरचं अंतर पडतं. तेवढ्या सरकण्याने जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित हलल्यासारखा दिसतो. त्या हलण्याचा निम्मा कोन म्हणजे पॅरॅलॅक्स. कोन जितका लहान तितका तारा लांब.

मात्र हे "किंचित" म्हणजे फारच किंचित. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला. सर्वांत जवळच्या ताऱ्याचा कोनही एक विकला भरत नाही, पाऊण विकलेवर थांबतो. म्हणून तर तारे जवळ-लांब आहेत असा नुसता अंदाज होता तेव्हापासून पहिली विश्वासार्ह मोजणी व्हायला १८३८ साल उजाडलं. बेसेलने हंस तारकासमूहातला एक अंधुक तारा मोजला, ६१ सिग्नी. सुमारे ११ प्रकाशवर्षं. तुमच्या हॉलमध्ये सूर्यापासून वीतभरसुद्धा नाही.

जमिनीवरून मोजताना हवा आड येते, तारा लुकलुकतो. म्हणून दुर्बिणी वर पाठवल्या. आधी १९८९ मध्ये हिप्पार्कस, १९९७ च्या यादीत सुमारे १ लाख १८ हजार तारे. मग डिसेंबर २०१३ मध्ये गाया.

शर्वरी_नेरूळ

गायाचं मी सांगते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिचाच डेटा वापरतेय.

युरोपीय अंतराळ संस्थेची दुर्बीण. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उलट बाजूला. ती एखाद्या ताऱ्यावर रोखून बसत नव्हती. सहा तासांत स्वतःभोवती एक फेरी, सावकाश, वर्षानुवर्षं. तिच्यात दोन दुर्बिणी होत्या, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून, आणि दोघींचं चित्र एकाच कॅमेऱ्यावर पडायचं. हे दोनचं गणित मला सगळ्यात आवडतं. एकाच दिशेचे तारे एकमेकांशी ताडून पाहिले तर ते सगळे मिळून हलतात, मग कुणाचं किती ते वेगळं काढता येत नाही. आकाशाच्या दोन लांबलांबच्या तुकड्यांमधले तारे मात्र एकाच वेळी सारखे हलत नाहीत. त्यांच्यातला कोन पुनःपुन्हा मोजत राहिलं की प्रत्येकाचा खरा पॅरॅलॅक्स सुटा होतो.

निरीक्षणं जुलै २०१४ ते जानेवारी २०२५ चालली, मार्च २०२५ मध्ये यान बंद केलं. २०२२ च्या तिसऱ्या यादीत सुमारे १८० कोटी वस्तू आहेत आणि त्यातल्या जवळजवळ १४६ कोटींचे पॅरॅलॅक्स. चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे. सगळं फुकट, कुणीही उतरवून घ्यावं.

१८० कोटी ऐकून भारावू नका मात्र. आकाशगंगेत तारे दहा हजार ते चाळीस हजार कोटी धरतात. म्हणजे शंभरातले दोनसुद्धा झाले नाहीत.

नाना_पाचपाखाडी

सगळं वाचलं. मुलांनो, चांगलं आहे. पण मी चाळीतल्या गणपतीपासून आराशी बघत आलोय. लोक दर्शनाला येतात, पेपर सोडवायला नाही. मणी बघून माणूस विचारेल, "हे काय, माळ तुटली का?" सर्पिल चकती लांबून दिसते. तिला नावं ठेवू नका.

आणि ढोकाळीकर, अरुंधती कुठे टांगणार ते ठरवलंत का?

ढोकाळीकर

नाना, पेपरचं अगदी पटलं. म्हणूनच विचारतोय, मोजके पण ओळखीचे तारे हवेत, नाव वाचल्यावर आजींनाही कळायला हवेत. अरुंधतीचं खगोलवेडा सांगतील.

खगोलवेडा_वाशी

नाना, काय मोक्याचा प्रश्न काढलात!

सप्तर्षी हाच तुमचा मुख्य देखावा करा, कारण तो आख्खा सव्वा मीटरच्या आत मावतो. मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, सगळे ८० प्रकाशवर्षांच्या आसपास. एकत्र जन्मले, आजही एकाच दिशेने चाललेत. टोकांचे दोन मात्र त्या कुटुंबातले नाहीत. मरीची १०४ वर, क्रतू १२३ वर. आकाशात सातही एका पाटीवर काढल्यासारखे दिसतात. हॉलमध्ये सूर्याच्या मण्यापाशी डोळा नेला की सप्तर्षी बरोबर दिसतील. दोन पावलं बाजूला सरकलात की क्रतू आणि मरीची फटकून वेगळे होतील आणि पतंगाची शेपटी मोडेल. हे बघायला कुणालाही पेपर सोडवावा लागणार नाही.

अरुंधती: वसिष्ठापासून आकाशात १२ कला (६० कला म्हणजे एक अंश). ८० सेंटिमीटरवर ते भरतात ३ मिलिमीटरपेक्षा कमी. तेव्हा नेहमीचे ६ मिमीचे मणी घेतलेत तर दोघं एकमेकांत घुसतील. तिथे पोतीचे बारीक मणी लागतील. पुढे-मागे किती, हे मोजणीच्या चुकीच्या जवळपासचं प्रकरण आहे, तेव्हा दोघांना शेजारीच ठेवा. तीही त्याच कुटुंबातली आहे.

मण्यांचा आकार खोटा असणार हे एकदा पाटीवर लिहून टाका. या प्रमाणात सूर्य एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही लहान. भिंगानेही दिसणार नाही.

रिकामटेकडा

म्हणजे एका मण्याच्या पोटात अर्धं प्रकाशवर्ष. हा हॉल खरं तर रिकामाच ठेवला तर जास्त शास्त्रशुद्ध होईल. खर्चही वाचेल. कमिटीला कळवा.

शर्वरी_नेरूळ

ढोकाळीकरकाका, जागा काढायची रीत देते. प्रत्येक ताऱ्याचे तीन आकडे लागतात: विषुवांश, क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच समजा) आणि अंतर. विषुवांश तासांत असतो, त्याला १५ ने गुणलं की अंश मिळतात. ज्या म्हणजे साइन, कोज्या म्हणजे कोसाइन. मग

क्ष = अंतर × कोज्या(क्रांती) × कोज्या(विषुवांश)
य = अंतर × कोज्या(क्रांती) × ज्या(विषुवांश)
उंची = अंतर × ज्या(क्रांती)

व्याधाचं करून दाखवते. विषुवांश ६ तास ४५ मिनिटं म्हणजे १०१.३ अंश, क्रांती उणे १६.७, अंतर ८.६. उत्तर: क्ष = −१.६, य = ८.१, उंची = −२.५. म्हणजे सूर्याच्या मण्यापेक्षा अडीच सेंमी खाली. एक्सेलमध्ये करत असाल तर ते अंश समजत नाही, रेडियन मागतं. आधी RADIANS हे फंक्शन लावा, नाहीतर व्याध भलत्याच कोपऱ्यात जाईल.

सूर्य जमीन आणि छताच्या बरोबर मध्ये ठेवू नका, जमिनीपासून १५० सेंमीवर ठेवा. मोठ्यांच्या डोळ्याच्या जवळपास येतो, आणि छतापर्यंत १८५ सेंमी उरतात. कृत्तिकांची उंची १८१ येते. चार सेंटिमीटरने वाचलात! हॉलच्या एका टोकापासून तीन मीटरवर सूर्य घ्या आणि लांब बाजू मृगाकडे करा. रोहिणी, कृत्तिका, काक्षी (मृगातला तांबडा तारा, बीटलज्यूस), राजन्य सगळे तिकडेच आहेत. मृगाच्या पट्ट्याचे तिन्ही तारे हजार प्रकाशवर्षांच्या पुढे आहेत, ते भिंत फोडून पलीकडे जातील. ज्येष्ठा जमिनीखाली जाते, ती सोडून द्या.

ढोकाळीकर

वा! हे मला कळतं, हे तर पॉइंट काढण्यासारखंच झालं. छत पीओपीचं आहे, त्याला खिळा चालणार नाही. खाली कोंबडीजाळी ताणून तिला दोरे बांधीन.

पण माझा तिसरा प्रश्न राहिला. आकडे कितपत खरे? शर्वरीने कृत्तिका चार सेंटिमीटरने वाचवल्या. आकडा थोडा चुकीचा निघाला तर?

खगोलवेडा_वाशी

कृत्तिकांचंच नाव काढलंत, आता ऐका. हिप्पार्कसने १९९७ मध्ये त्यांचं अंतर काढलं ते ३८५ प्रकाशवर्षांच्या आसपास. जमिनीवरून ताऱ्यांच्या तेजावरून जे अंतर निघत होतं ते याहून बरंच जास्त. आता हिप्पार्कस खरी मानली तर ताऱ्यांचं तेज कसं ठरतं या सिद्धांतालाच हात लावावा लागणार. डेटा पुन्हा तपासून २००७ मध्ये नवी यादी आली, तरी उत्तर ३९२ च्या आसपासच. वीस वर्षं भांडण. २०१४ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून मोजलं, ४४४ आलं. मग गायानेही तेच सांगितलं. सिद्धांत वाचला.

तुमच्या हॉलमध्ये हे भांडण अर्ध्या मीटरचं. एक फिका मणी ३९२ सेंमीवर टांगा, खरा ४४४ वर. मला तर आख्ख्या आराशीत ही जोडी सगळ्यात आवडेल.

मीनल_ऐरोली

आणि काक्षी! तिच्यासाठी एक मणी टांगूच नका. तिचं अंतर ४३० पासून ७२० प्रकाशवर्षांपर्यंत वेगवेगळं निघालंय. कारण गमतीचं आहे. तारा इतका अवाढव्य की त्याची तबकडीच त्याच्या वर्षभरातल्या हलण्यापेक्षा कित्येक पट मोठी, आणि त्या तबकडीवर उकळल्यासारखे डाग येतात-जातात. नेमका मध्य कुठला धरायचा? गायाचाही उपयोग नाही, कारण गायाला अतितेजस्वी तारे झेपतच नाहीत, डोळे दिपतात. व्याध, अभिजित, स्वाती, काक्षी यातलं एकही तिच्या यादीत नीट नाही. म्हणजे ज्यांची नावं आपल्याला पाठ आहेत ते बहुतेक सगळे अजून जुन्या हिप्पार्कसवर नाहीतर इतर मोजण्यांवर चाललेत.

तेव्हा काक्षीसाठी ४.३ ते ७.२ मीटर अशी तीन मीटरची लाल एलईडी पट्टी आडवी लावा. दादा, तुमचंच काम.

नाना_पाचपाखाडी

तीन मीटर लाल पट्टी? ही लांबून दिसेल. आता माझं मत थोडं सरकतंय.

शर्वरी_नेरूळ

मीनलताईंच्या पट्टीला माझं हजारदा अनुमोदन. नकाशात ठिपका काढला की लोकांना वाटतं तारा तिथेच आहे. गायाच्या यादीत तर कितीतरी ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स ऋण आहे! तारा उणे अंतरावर कसा असेल? नसतोच. कोन इतका लहान की मोजणीतली चूक त्याहून मोठी पडते आणि उत्तर शून्याच्या खाली जातं. नवखी मुलं असे आकडे कचरा म्हणून फेकून देतात, मग उरलेल्यांचा नकाशा एका बाजूला झुकतो. आणि एक भागिले पॅरॅलॅक्स केलं की अंतर मिळालं, हेही जवळच्या ताऱ्यांपुरतंच ठीक. तेजस्वी ताऱ्याला गायाची चूक विकलेच्या सुमारे ०.०२ हजाराव्या भागाएवढी. त्या हिशोबाने १६,००० प्रकाशवर्षांवरही दहा टक्क्यांत अंतर मिळतं. अंधुक ताऱ्याला हीच चूक पंचवीसपट होते आणि हजार प्रकाशवर्षांच्या आतच गाडी अडते.

स्नेहल_नौपाडा

मग केंद्राच्या पलीकडे काय आहे ते कसं कळतं? की तिथे नुसताच रंग फासलाय?

मीनल_ऐरोली

बराचसा रंगच. आपण चकतीच्या आत बसलोय आणि चकती धुळीने भरलेली. साधा प्रकाश केंद्रापर्यंत पोचतच नाही. रेडिओ लहरी मात्र धुळीतून सहज जातात. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर पकडून १९५० च्या दशकात भुजांचे पहिले नकाशे काढले. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी आहे ना, ४५ मीटरच्या ३० अँटेना, तीही ही लहर ऐकते. पण त्यात अंतर थेट मिळत नाही, वायूच्या वेगावरून अंदाज करावा लागतो, आणि केंद्राच्या दिशेला जवळचं-लांबचं एकमेकांत मिसळतं.

थेट मोजणीही झालीय. नवे तारे जन्मतात तिथे पाण्याची वाफ आणि मिथेनॉल रेडिओत झगझगतात, त्यांना मेझर म्हणतात. खंडभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून त्यांचा पॅरॅलॅक्स काढतात. २०१७ मध्ये अशी एक जागा थेट केंद्राच्या पलीकडे मोजली गेली, सुमारे ६६,००० प्रकाशवर्षं. पण अशा मोजलेल्या जागा दोनशेच्या आसपास. त्यांच्यावरून भुजा जोडायच्या म्हणजे मोजक्या ठिपक्यांची रांगोळी, कोणता ठिपका कुणाला जोडायचा यावर मतभेद होणारच.

खगोलवेडा_वाशी

भर घालतो. २०१९ मध्ये सेफीड नावाच्या, ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवरून नकाशा केला. या ताऱ्यांचा तेज कमी-जास्त होण्याचा काळ कळला की खरं तेज कळतं, त्यावरून अंतर. हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये बसवलेला नियम. २,४०० च्या वर सेफीड मांडल्यावर दिसलं की चकती सपाट नाहीच. कडा एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली.

कमिटीला सांगा, पुठ्ठा उन्हात ठेवून वाकवा. फुकटात अचूकता.

ढोकाळीकर

मंडळी, मीटिंग झाली. ठरलं असं. सर्पिल चकती मागच्या भिंतीवर राहील, पाच फुटांची, नानांच्या मानासाठी. खाली ठळक पाटी: "हे चित्र आहे, फोटो नाही". केंद्राच्या पलीकडचा तुकडा फिका ठेवतोय. सूर्य केंद्रापासून ३९-४० सेंमीवर, आणि त्याच्याभोवती दहा रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ. हॉलमध्ये जे काही टांगलंय ते सगळं त्या नाण्यात मावतं. हे वाक्य वाचून आमच्या खजिनदारांनी पहिल्यांदा खर्च किती असं विचारलं नाही.

हॉलमध्ये सप्तर्षी अरुंधतीसह, नक्षत्रांतले ओळखीचे तारे, कृत्तिकांची जोडी, काक्षीची लाल पट्टी. दोऱ्याचं काय करू? साधा दोरा दिसतो आणि पिळतो, मणी गिरक्या घेतात.

रिकामटेकडा

तंगूस घ्या दादा, मासे पकडायची. लांबून दिसत नाही. ०.३ मिमीची पुरे. पण ती ताणते, म्हणून आदल्या रात्री मणी बांधून लटकत ठेवा आणि सकाळी माप घेऊन गाठ पक्की करा. पंखे बंद, नाहीतर भाविकांच्या डोक्यावर व्याध पडायचा. बघा, मीसुद्धा उपयोगी बोलतो.

शर्वरी_नेरूळ

एक आगाऊ सूचना. गायाने २०२४ मध्ये गरुड तारकासमूहात एक कृष्णविवर दाखवलं, सूर्याच्या ३३ पट. स्वतः दिसत नाही, शेजारचा तारा त्याच्याभोवती डुलताना सापडला. अंतर सुमारे १,९२६ प्रकाशवर्षं, म्हणजे सूर्याच्या मण्यापासून १९ मीटर, हॉलबाहेर. तुमच्या इमारतीत ते कुठे येतं बघा ना.

ढोकाळीकर

काढलं. हॉलच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून साडेसहा मीटर. बी विंगमधल्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत येतंय. तिथले काका म्हणाले, "आमच्याकडे काय लावणार?" म्हटलं, एक मणी शेजारच्या ताऱ्याचा, आणि कृष्णविवराच्या जागी काहीच नाही. ते म्हणाले, "मग मण्याचं तेवढं सेक्रेटरीला विचार. काहीच नाही ते आजच लावून टाक."